मुंबईचा मॉल आणि आपलं गेट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेलं भाषण)



सचिवांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषयही त्यांनीच सुचवला होता, ‘सोसायटीची पंचवीस वर्षांची वाटचाल’. पण वाटचालीचा अहवाल खजिनदारांनी आकड्यांसकट छापलाच आहे. प्लॉटची नोंदणी, बोअरचे तीन प्रयत्न, 2016 च्या दुष्काळातले टँकर, सगळं त्यात आलंय. तेच पुन्हा वाचून दाखवलं तर बँकेतल्या आमच्या ऑडिटसारखं होईल. ऐकणारा झोपतो आणि वाचणारा घामाघूम होतो. म्हणून मी आज एका मॉलची गोष्ट सांगणार आहे. मॉलचा आणि सोसायटीचा काय संबंध, असं काही जणांच्या चेहऱ्यावर दिसतंय. जरा धीर धरा, संबंध आहे. शेवटी आपल्या गेटापाशीच येऊन थांबणार आहे.

गोष्ट 2023 च्या दिवाळीची. आम्ही दोघं देवगिरीनं मुलाकडे ठाण्याला गेलो होतो. त्याच महिन्याच्या 1 तारखेला वांद्रे-कुर्ला संकुलात ‘जिओ वर्ल्ड प्लाझा’ नावाचा मॉल लोकांसाठी खुला झाला होता. पेपरात पानभर फोटो. साडेसात लाख चौरस फूट जागा, चार मजले, 66 नामांकित कंपन्यांची दुकानं, आणि इमारतीचा आकार कमळावरून घेतलेला. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी नात म्हणाली, “आजोबा, आपण बघायला जाऊ.” मी म्हणलं, “आपल्याला काय घ्यायचंय तिथं?” ती म्हणाली, “घ्यायला कोण जातंय? बघायला.”

आता खरं सांगतो, मला जायचं नव्हतं. आणि त्याचं कारण पैसा नव्हतं. कारण होतं जुनं. आपली सोसायटी रजिस्टर झाली ते साल आठवा, 1999. त्याच साली मुंबईत हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ नावाचा मॉल उघडला होता. मुंबईतला तो पहिलाच म्हणून ओळखला गेला. गर्दी इतकी झाली, की आत सोडायला एक नियम करावा लागला. ज्याच्याकडे मोबाईल फोन किंवा क्रेडिट कार्ड आहे त्याला प्रवेश. नाहीतर 60 रुपये भरा. ही बातमी मी आपल्या इथंच, परभणीत वाचली. त्या वेळी मी बँकेत अधिकारी होतो. लाखांची कर्जं माझ्या सहीनं जात होती. पण मोबाईल नव्हता आणि क्रेडिट कार्डही नव्हतं. त्या दिवशी डब्याच्या वेळी मी सहकाऱ्यांना म्हणालो होतो, “म्हणजे बघा, त्या दारात आपली पत 60 रुपये.” सगळे हसले. मीही हसलो. पण ते कुठंतरी आत बसलं ते बसलंच.

(पुढं त्या मॉलचं काय झालं तेही सांगून ठेवतो. हातोहात मालक बदलला, नाव बदललं, दुकानं एकेक करून रिकामी झाली, आणि 2024 साली तो कर्जवसुलीच्या लिलावापर्यंत गेल्याचं पेपरात वाचलं. बँकेच्या माणसाला अशा बातमीत थोडा गैरवाजवी आनंद होतो. माफ करा.)

तर नातीच्या हट्टापायी गेलो. मी पायजमा-शर्ट आणि पायात कोल्हापुरी. आमच्या घरच्यांची नेहमीची सुती साडी. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, पँट घाला ना.” मी नाही म्हणलं. तसा मी हट्टीच. पण टॅक्सीत बसल्यावर वाटायला लागलं, घातली असती तर बरं झालं असतं.

वांद्रे-कुर्ला संकुल मला नवीन नव्हतं. नोकरीत असताना कामानिमित्त दोन-तीनदा जाणं झालं होतं. मिठी नदीच्या काठची ती दलदलीची जागा. 1977 पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे तिचं नियोजन आलं आणि भर घालून तिथं कचेऱ्या उभ्या राहिल्या. नाबार्डचं मुख्यालय तिथंच. शेतकऱ्याच्या पीककर्जाचं धोरण जिथं ठरतं, त्याच्या हाकेच्या अंतरावर आता हे कमळ उगवलंय. चिखलातच उगवतं म्हणा ते.

टॅक्सीतून उतरलो. दार एवढं मोठं, की आपल्या पेडगावच्या स्टेशनची इमारत आत मावावी. आतली फरशी अशी चकचकीत, की वरचे दिवे खाली दिसत होते. आणि त्या फरशीच्या कडेला आल्यावर, बंधूंनो, एक गोष्ट घडली. माझा उजवा पाय आपोआप चपलेतून बाहेर आला.

मी काही ठरवलं नव्हतं. देवळात जसा येतो तसा पाय आला. नात म्हणाली, “आजोबा, काय करताय?” तिथला सुरक्षारक्षक, पोरसवदाच होता, त्यानं पाहिलं. हसला नाही. म्हणाला, “काका, राहू द्या चपला. या, आत या.” एवढंच. ना कार्ड मागितलं, ना 60 रुपये. पिशवी मशीनमधून गेली आणि आम्ही आत.

मी मात्र दोन मिनिटं तिथंच उभा राहिलो. मला दुसरीच एक चप्पल आठवली. ती गोष्ट शेवटी सांगतो.

आत काय होतं ते लेकरांसाठी सांगतो. लुई व्हिताँ, गुच्ची, कार्तिए, ही नावं मी नातीकडून तीनदा म्हणवून घेतली. आपल्याकडचेही होते, मनीष मल्होत्रा, रितू कुमार. व्हिताँ नावाच्या माणसानं 1854 साली पॅरिसमध्ये प्रवासाच्या ट्रंका करण्याचं दुकान काढलं, त्याची ही कंपनी. मी म्हणलं, ट्रंक तर आपल्याकडेही आहे! पत्र्याची. वर पांढऱ्या रंगात नाव आणि बँकेच्या चार बदल्यांच्या गावांची नावं. अजून माळ्यावर आहे, कुणाला पाहायची असेल तर या.

कार्तिएच्या दुकानापुढं मी जरा जास्त थांबलो. कारण या नावाशी आपलं जुनं नातं आहे. 1947 च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं, तेव्हा हैदराबादच्या निजामानं तिला कार्तिएकडचा हिऱ्यांचा हार भेट दिला होता. तारीख लक्षात घ्या. देश स्वतंत्र होऊन तीन महिने झाले होते, पण आपण नव्हतो. आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्याच राज्यात. वडील हाली शिक्क्यात सारा भरायचे. म्हणजे त्या हारातला एखादा बारीकसा खडा परभणीच्या शेतसाऱ्यातला असायला हरकत नाही. मी हे घरच्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग मागा की परत.” आता यावर काय बोलणार!

एका दुकानात नातीनं मला ओढून नेलं. नाव सांगत नाही. एक पांढरा सुती शर्ट टांगलेला होता. साधा. आपल्या शिवाजी रोडवर मिळतो तसाच दिसत होता, फक्त आजूबाजूला दुसरं काही टांगलेलं नव्हतं. नातीनं किंमत विचारली. तिथल्या मुलानं अदबीनं सांगितली, 63 हजार रुपये.

आता बँकेची सवय. रक्कम ऐकली की डोकं आपोआप चालायला लागतं. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला 7,020 रुपये. म्हणजे शर्टाची किंमत झाली सुमारे नऊ क्विंटल कापूस. आपल्या मानवत-पाथरीकडच्या कोरडवाहू शेतात नऊ क्विंटल निघायला दोन एकर तरी लागतात, तेही पाऊस वेळेवर पडला आणि बोंडअळी आली नाही तर. बरं, नऊ क्विंटलची सरकी काढली की रुई उरते साधारण तीनशे किलो. एका शर्टाला पाव किलो धरा. म्हणजे शेतकऱ्यानं बाराशे शर्टांची रुई द्यायची, आणि त्या पैशात त्याला एक शर्ट मिळणार!

मला राग आला असं नाही. ज्यांना परवडतं ते घेतात, त्यावर सरकारला कर मिळतो, चार पोरांना नोकरी मिळते. पण हिशेब केल्यावाचून राहवलं नाही. आपल्या भागाचा कापूस आगगाडीनं मुंबईच्या गिरण्यांना जायचा, ते दिवस आपल्यातल्या वयस्कांना आठवत असतील. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढं एकेक गिरणी बसली. लोअर परळची फिनिक्स मिल 1905 ची. आज तिच्या जागेवरही मॉल आहे. कापूस पिकवणारा तिथंच राहिला, विणणारा घरी बसला, आणि विकण्याची जागा मात्र संगमरवरी झाली.

हे सगळं मी मनात करतोय, तोवर आमची मंडळी कुठं? मागं पाहिलं तर एका खांबाजवळ बाकावर बसून गप्पा चाललेल्या. कुणाशी? फरशी पुसणाऱ्या एका मुलीशी. बावीस-तेवीस वर्षांची, निळा गणवेश, हातात लांब दांडीचं पुसणं. यांनी विचारलं होतं, “कुठली गं तू?” ती म्हणाली, “परतूरची.” झालं! परतूर म्हणजे आपल्या सेलूच्या पुढचं स्टेशन. दोघींचं लगेच जुळलं. तिच्या मावशीला सेलूत दिलेली. दोन वर्षांचं लेकरू आईकडे ठेवून ती नवऱ्याबरोबर मुंबईला आलेली.

यांनी तिला विचारलं, “इथं भ्या नाही वाटत?” ती म्हणाली, “पहिले चार दिवस वाटलं. मग म्हणलं, फरशी तर मीच पुसते. जी आपण पुसतो तिला काय भ्यायचं?”

मी पंधरा पावलांवर उभा राहून हे ऐकलं. बँकेत 36 वर्षं काढली, पण एवढं सरळ वाक्य माझ्या तोंडून कधी आलं नाही.

परतताना टॅक्सीत आमच्या घरच्या म्हणाल्या, “आत यायला पैसे लागले नाहीत, कुणी काही बोललं नाही. मग तुम्ही दारात कशाला थबकला होता?” मी काही बोललो नाही. त्याचं उत्तर आज, तुम्हा सगळ्यांसमोर देतो. घरी अजून दिलेलं नाही.

साधारण 1994 ची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. गावाचं नाव घेत नाही. शाखेचं नूतनीकरण झालं होतं. नवी फरशी, काऊंटरला काच, मला काचेची केबिन. मला त्याचा फार अभिमान. पावसाळ्याचे दिवस. एक बाई आली. पन्नाशीची, डोक्यावरून ओला पदर. नवरा वारला होता आणि त्याच्या बचत खात्यात अकराशे-बाराशे रुपये होते, ते काढायचे होते. तिनं दाराबाहेर चपला काढल्या आणि अनवाणी, उंबऱ्याशीच उभी राहिली. फरशीवर पाय ठेवायची तिची छाती होईना. शिपायानं विचारलं, काय पाहिजे? मग सांगितलं, मृत्यूचा दाखला आण. ती गेली. आठ दिवसांनी दाखला घेऊन आली, तर वारसाचा कागद नाही. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा दोन वाजून गेले होते आणि व्यवहाराची वेळ संपली होती.

तिन्ही वेळा मी केबिनमधून पाहिलं. काचेतून सगळं दिसायचं. तिन्ही वेळा मला उठता आलं असतं. दहा पावलं होती. रक्कम लहान होती, अशा लहान रकमेत शाखाधिकाऱ्याला थोडं समजून घेता येतं. मी उठलो नाही. माझ्यापुढं फायली होत्या आणि खरं सांगू, फरशीवर चिखलाचे पाय उमटू नयेत असंही वाटत होतं.

चौथ्यांदा ती आली नाही. माझी बदली झाली तेव्हा व्यवहार नसलेल्या खात्यांच्या यादीत ते नाव दिसलं. मी यादीवर सही केली.

दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम 2014 पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागृती निधीत जाते. कुणी वारस आला तर बँकेकडून परत मिळते, हक्क जात नाही. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं ‘उद्गम’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं, तिथं नाव घालून अशा ठेवी शोधता येतात. आपल्यापैकी प्रत्येकानं आपल्या आई-वडिलांचं नाव घालून एकदा पाहावं, लागेल ती मदत मी करीन. पण त्या बाईला उद्गम कोण उघडून देणार? ती आज असेल की नाही, तेही मला ठाऊक नाही.

मुंबईच्या त्या दारात माझा पाय चपलेतून बाहेर आला तेव्हा मला कळलं, उंबऱ्याशी अडलेल्या माणसाला आतून काय वाटत असतं. आणि त्या पोरसवदा रक्षकाला जे जमलं ते मला शाखाधिकारी असून जमलं नव्हतं. “राहू द्या चपला, या, आत या.”

आता आपल्या गेटाकडे येतो.

गेल्या सर्वसाधारण सभेत आपण ठराव केला. रौप्यमहोत्सवी वर्षात नवं लोखंडी गेट, कॅमेरे, रक्षकाची खोली, आणि गेटावर पाटी, ‘फेरीवाले, भाजीवाले व अनोळखी व्यक्तींना प्रवेश नाही’. ठराव एकमतानं झाला. इतिवृत्तात अनुमोदक म्हणून नाव कुणाचं आहे ते बघा. माझं आहे.

गेटाला माझा विरोध नाही. दोन घरांत चोरी झाली, त्या घरातल्या बायका अजून रात्री दचकून उठतात. मुलं बाहेरगावी आणि घरात आपण दोघं-दोघं म्हातारे, अशी निम्मी घरं आहेत. गेट पाहिजे, कॅमेरे पाहिजेत, वहीत नोंदही पाहिजे. पण पाटीचं तेवढं मी पुन्हा विचारात घ्या म्हणतो. रोज सकाळी टोपली घेऊन येणाऱ्या मावशी आपला पहिला मजला बांधायचा होता तेव्हापासून येतात. 2020 च्या टाळेबंदीत आपण दारं लावून बसलो होतो, तेव्हा मेथी आणि लिंबं कोणी आणून दिली? आपल्यातल्या निम्म्या घरांच्या नातवंडांना त्या नावानं ओळखतात. उद्या त्या आल्या तर त्यांना वाचता येत नाही, म्हणून पाटी आपल्यालाच वाचून दाखवावी लागेल. ती कोण वाचून दाखवणार? मला जमणार नाही. एकदा केबिनमधून पाहिलंय, आता गॅलरीतून पाहायची ताकद नाही.

माझी सूचना अशी, आणि मी ती अध्यक्षांकडे लेखीही देणार आहे. एक, माझं अनुमोदन त्या पाटीपुरतं मी मागं घेतो, आणि पुढच्या सभेत विषय पुन्हा घ्यावा. दोन, नेहमी येणाऱ्या भाजीवाल्या, दूधवाले, घरकामाच्या बाया यांची नावं वहीत घ्यावीत आणि त्यांना ओळखपत्र द्यावं. सुरक्षा त्यानं वाढेल, कमी होणार नाही. तीन, गेटाशी लिंबाच्या झाडाखाली एक सिमेंटचा बाक आणि पिण्याच्या पाण्याचा एक माठ ठेवावा. बाकाचा खर्च मी देतो. वर्गणीचं पावतीपुस्तक काढायची गरज नाही. आणि चार, जो रक्षक ठेवाल त्याला पगाराबरोबर एक वाक्य शिकवा. “या, कुणाकडे जायचंय?” ‘कोण रे तू’ असं नको.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण हसत हसत म्हणतो. मॉल आपल्याकडेही येईल, आज ना उद्या, येऊ दे. चकचकीत फरशीला माझी हरकत नाही. फरशी कुणीतरी पुसलेली असते एवढं लक्षात राहावं, आणि दारात अडलेल्याला ‘या’ म्हणणारं कुणीतरी आत असावं.

पंधरा मिनिटांची वीस झाली. सचिव घड्याळ दाखवताहेत आणि स्वयंपाकघरातून वरणाला फोडणी दिल्याचा वास येतोय. या पंचवीस वर्षांत जे आपल्यातून गेले, त्यांची आठवण ठेवून, आणि पुढची पंचवीस वर्षं इथली लेकरं सांभाळतील अशी खात्री बाळगून मी थांबतो.